"गोळी चालू ठेवा" याच्या पुढचं थोडं बोला
स्तनाच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,
सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २०१८ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली. ऑपरेशन झालं, आठ केमो झाल्या, तीन आठवडे लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतली. एप्रिल २०१९ मध्ये, लाईटच्या शेवटच्या दिवशी, डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "ट्रीटमेंट संपली. आता फक्त एक गोळी. रोज रात्री, पाच वर्षं." बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या मिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

त्या "फक्त"बद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

हे पत्र कुणा एका डॉक्टरांना नाही, तुम्हा सगळ्यांना आहे. ज्यांनी मला वाचवलं त्यांचं ऋण मी मानते. ओपीडीतली गर्दी मी पाहिली आहे, दुपारी चार वाजता हातात डबा धरून उभ्याउभ्या दोन घास खाणारे डॉक्टर पाहिले आहेत. जागतिक आकडेवारी ठेवणाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्याने झाला. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींची गाठ हार्मोनवर पोसणारी असते, आणि अशांनाच ही गोळी देतात. म्हणजे "फक्त एक गोळी" हे वाक्य ऐकून दर वर्षी हजारो बायका घरी जातात. घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, हे तुमच्या टेबलापर्यंत पोचत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी गोळी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी असते. जेवणं झाली, ओटा पुसला, की गोळी घ्यायची आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं. अशी सात वर्षांची कॅलेंडरं गुंडाळून कपाटामागे उभी केली आहेत. २०२१ च्या मे महिन्यात ११ चौकोन कोरे आहेत. कोरोनाची दुसरी लाट होती, तालुक्याच्या दुकानात टॅमॉक्सिफेन, म्हणजे माझी ही गोळी, नव्हती आणि शहरात जायला वाहन नव्हतं. ते अकरा दिवस मला झोप लागली नाही. चुकलेल्या गोळ्या नंतर एकदम घ्यायच्या का? अकरा दिवसांत आजार परत डोकं वर काढेल का? विचारायला माणूस नव्हतं. फाईलवर हॉस्पिटलचा जो नंबर होता तो वाजत राहायचा. चुकलेली गोळी सोडून द्यायची, दुप्पट घ्यायची नाही, पुढची वेळेवर घ्यायची, एवढं साधं उत्तर मला सहा महिन्यांनी मिळालं.

केमोच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर माण तालुक्यातली एक बाई असायची. आम्ही सगळ्याजणी तिला आक्का म्हणायचो. दीड वर्षानंतर तिने गोळी सोडली. मला हे फोनवर सांगताना तिचा आवाज अगदी सरळ होता, आपण काही चुकीचं केलं असं तिला वाटतच नव्हतं. गोळीने पाळी बंद पडली होती. सासू म्हणाली, विटाळ अंगात साठतो, त्याचंच पुढे काहीतरी होतं. अंगातून वाफा निघायच्या, रात्रीतून तीनदा पातळ बदलावं लागायचं. आणि मुख्य म्हणजे ती म्हणाली, "बाई, ताप उतरल्यावर आपण क्रोसीन खातो का? मी बरी झाले, डॉक्टरच म्हणाले ट्रीटमेंट संपली. मग औषध कशाचं?"

दर सहा महिन्यांनी ती तपासणीला जायची. "गोळी चालू आहे ना?" असं विचारलं की मान हलवायची. २०२२ मध्ये तिची कंबर धरली. शेतातल्या कामाने धरली असेल म्हणून चार महिने तेल लावण्यात गेले. आजार हाडांत गेला होता. गोळी सोडली म्हणूनच उलटला असं मी म्हणणार नाही. एकही गोळी न चुकवलेल्या बायकांचाही उलटतो, हे मला माहीत आहे. पण आक्काचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ट्रीटमेंट संपली असेल तर औषध कशाचं, हे कुणालाही विचारावंसं वाटेल. ती मान हलवत होती तेव्हा तिच्या हातात गोळीची रिकामी पाकिटं आहेत का, हे कुणी पाहिलं नाही.

आणि हे माणमध्येच होतं असं नाही. माझी भाची बी. फार्म. आहे. तिने मला २०२० सालच्या एका फ्रेंच अभ्यासाबद्दल सांगितलं. पाळी न गेलेल्या ११७७ बायकांचं रक्त तपासून त्यांच्या अंगात टॅमॉक्सिफेन खरोखर आहे का ते पाहिलं. वर्षभरानंतर शंभरातल्या १६ जणींच्या रक्तात ती असायला हवी तेवढी नव्हती. आणि त्या सोळांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी "आम्ही गोळी घेतो" असंच सांगितलं होतं. फ्रान्समधल्या शिकल्यासवरलेल्या बायकासुद्धा मान हलवतात, डॉक्टर. "चालू आहे ना?" या प्रश्नाला "हो" म्हणणंच सोपं असतं. त्याऐवजी "महिन्यातून किती वेळा राहते? कशामुळे राहते?" असं विचारलंत तर कदाचित खरं उत्तर मिळेल. राहतेच, हे तुम्हीच आधी गृहीत धरलंत की आम्हाला लाज वाटत नाही.

गोळी काय करते हे मला भाचीनेच समजावलं, आणि आता मी ते दुसऱ्यांना समजावते. काही गाठींच्या पेशी शरीरातल्या इस्ट्रोजेनवर वाढतात. इस्ट्रोजेन पेशीवर ज्या जागी जाऊन बसतं, ती जागा टॅमॉक्सिफेन आधीच अडवून ठेवतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं. रुमाल उचलला की जागा मोकळी. लेट्रोझोल नावाची दुसरी एक गोळी असते, तिचं काम वेगळं. पाळी गेल्यावरही शरीरात, चरबीमध्ये, थोडं थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. ते तयार होणंच ती गोळी रोखते. ऑपरेशनने गाठ काढली तरी डोळ्याला किंवा मशीनला न दिसणाऱ्या पेशी कुठेतरी राहिलेल्या असू शकतात, आणि ही गोळी त्यांच्यासाठी असते. हे सांगायला मला तीन मिनिटं लागतात. आक्काला ही तीन मिनिटं मिळाली नाहीत.

पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा मला वाटलं, सुटले. २०२४ च्या त्या भेटीत डॉक्टर म्हणाले, तुमच्या काखेतल्या दोन गाठींत आजार होता, आता पाळीही गेली आहे, तर आणखी पाच वर्षं लेट्रोझोल घेऊ. मी रडले. डॉक्टर गोंधळले, त्यांना वाटलं मी औषधाला घाबरले. मी औषधाला घाबरले नव्हते. मला वाटलं होतं पाच वर्षं म्हणजे पास. पाच वर्षं झाली की धोका संपला, अशीच माझी समजूत होती, आणि तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींची तीच आहे.

खरं काय आहे ते नंतर वाचलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी औषधांच्या ८८ चाचण्यांमधल्या ६२ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध केली. या सगळ्या जणींनी पाच वर्षं हार्मोन रोखणारी गोळी घेऊन थांबवली होती. त्यानंतर, निदानापासून विसाव्या वर्षापर्यंत, आजार दूर कुठेतरी उलटण्याचं प्रमाण दर वर्षी थोडं थोडं वाढतच राहिलं. गाठ लहान आणि काख स्वच्छ असलेल्यांत ते शंभरात १३ होतं. गाठ मोठी आणि काखेतल्या चार ते नऊ गाठींत आजार असलेल्यांत ४१. त्याआधी, २०१२ च्या शेवटी, अ‍ॅटलास नावाच्या चाचणीने दाखवलं होतं की टॅमॉक्सिफेन पाचऐवजी दहा वर्षं घेतली तर पाचव्या ते चौदाव्या वर्षात या आजाराने होणारे मृत्यू शंभरात १५ वरून १२ वर येतात. त्याच चाचणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर मात्र शंभरात दीडच्या जागी तीन जणींना झाला.

हे आकडे वाचून मी घाबरेन असं तुम्हाला वाटतं, म्हणून तुम्ही सांगत नाही. मला त्या रात्री शांत झोप लागली. दहा वर्षं का, याचं कारण मला पहिल्यांदाच कळलं होतं. माझी गाठ किती सेंटीमीटरची होती, काखेत किती होत्या, त्यावरून मी कुठे बसते, आणखी पाच वर्षांनी मला किती मिळेल आणि त्याची किंमत काय, हे माझ्यासमोर मांडा. पाचवी-सहावीच्या मुलांना मी शेकडेवारी शिकवते, मला ती समजते. ज्यांना शेकडेवारी समजत नाही त्यांना शंभर बायकांची जत्रा डोळ्यांसमोर आणून सांगता येतं; आमच्याकडच्या बायकांना जत्रा चांगली माहीत आहे. आणि काही जणींना आकडा ऐकायचाच नसेल, तर आधी तेवढं विचारून घ्या.

आता जे कुणी बोलत नाही ते लिहिते.

टॅमॉक्सिफेनच्या तिसऱ्या वर्षी, पाळी बंद होऊन वर्ष लोटलं होतं, आणि माझ्या अंगावरून थोडं लाल गेलं. मग पुन्हा गेलं. चार महिने मी कुणाला बोलले नाही. तपासणीला माझा मुलगा बरोबर यायचा, तो खोलीत शेजारी उभा असायचा, समोर पुरुष डॉक्टर आणि दाराशी पुढचा पेशंट. "काही त्रास?" "नाही." एवढ्यात माझी वेळ संपायची. शेवटी भाचीला बोलता बोलता सांगितलं तेव्हा ती ओरडलीच माझ्यावर. सोनोग्राफी, मग तुकडा काढून तपासणी. साधा मांसाचा कोंभ निघाला. पण ही गोळी चालू असताना अंगावरून लाल गेलं तर एक दिवसही थांबायचं नाही, हे पहिल्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं तर ते चार महिने गेले नसते. एका पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली, अचानक दम लागला, तर तेही लगेच दाखवायचं, कारण या गोळीने क्वचित रक्ताच्या गाठी होतात. हे मला माहितीपत्रकातून कळलं, आणि ते पत्रक इंग्रजीत होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत.

लेट्रोझोल सुरू झाल्यापासून पहाटे माझी बोटं मिटत नाहीत. उठल्यावर गरम पाण्याच्या पातेल्यात हात धरून बसते, मग ती सुटतात. तोवर थापलेली पहिली भाकरी फाटते. ती मी मोडून परत मळते. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू दोन बोटांत न धरता मुठीत धरते, मुलांना वाटतं बाईंची तीच पद्धत. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "होतं तसं, सवय होईल." सवय नाही झाली. पण एका डॉक्टर बाईंनी रोज अर्धा तास चालायला आणि हातांचे व्यायाम करायला सांगितलं, त्रास फारच वाढला तर याच जातीची दुसरी गोळी आहे, ती बदलून बघता येते असंही सांगितलं. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली आहेत. दुसरा रस्ता आहे हे माहीत असलं की माणूस आहे त्या रस्त्याने चालत राहतं. हाडांची घनता तपासायची, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यायचं, हेही त्यांनीच सांगितलं.

याहून अवघड गोष्ट नवरा-बायकोतली आहे. अंग कोरडं पडतं, संबंधाच्या वेळी आग होते, रक्त येतं. आमच्या ओळखीतल्या दोघी जणींनी याच एका कारणाने गोळी सोडली, आणि फाईलवर कारण लिहिलं गेलं "पेशंट अनियमित". त्यावर हार्मोन नसलेली मलमं आहेत, वंगणं आहेत. ती साधी गोष्ट आहे, पण ती तुम्ही काढल्याशिवाय आम्ही काढणार नाही. वय पन्नास, बरोबर सून आलेली, कोण काढेल?

आणि मनाचं. आजार परत येईल ही भीती रोज नसते. पण मॅमोग्राफीच्या आधीचे पंधरा दिवस असते. शाळेत कुणाच्या तरी आईला कॅन्सर निघाल्याचं कळलं की असते. पाठ दुखली, खोकला आठवडाभर राहिला, डोकं जड झालं, की पहिला विचार तोच. २०२० मध्ये मला झोप येईना, जेवण जाईना, म्हणून गावातल्या डॉक्टरांनी पॅरोक्सेटीन नावाची उदासीवरची गोळी दिली. चांगल्या मनाने दिली. टॅमॉक्सिफेनचं यकृतात रूपांतर झाल्यावरच ती नीट काम करते आणि पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन यांसारखी औषधं नेमकं ते रूपांतर अडवतात, हे त्यांना कुठून माहीत असणार? तुम्ही माझ्या गावच्या डॉक्टरांना कधी दोन ओळींची चिठ्ठी लिहिली असती तर त्यांनी दुसरं औषध निवडलं असतं. तशी औषधं आहेत, आणि त्यांतल्या काहींनी वाफाही कमी होतात.

भीतीचा बाजारही मांडलेला आहे. तालुक्यातल्या एका लॅबने "कॅन्सर तपासणी पॅकेज" काढलं, मी जाऊन रक्त दिलं. सीए १५-३ नावाचं कॅन्सरचं मार्कर रक्तात किंचित वाढलेलं निघालं. मग सगळ्या अंगाचा पीईटी (पेट) स्कॅन. गळ्यातली एक पदरी साखळी गहाण पडली. स्कॅनमध्ये काही नव्हतं. तीन महिने आमच्या घरात कुणी मोठ्याने हसलं नाही. काही त्रास नसताना ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे करत राहिल्याने आयुष्य वाढत नाही, हे इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांनी १९९४ सालीच दाखवलं होतं; त्रास नसताना असले मार्कर आणि स्कॅनही करू नयेत. वर्षातून एकदा मॅमोग्राफी, ठरलेल्या वेळी डॉक्टरांच्या हाताने तपासणी, आणि नवं, न थांबणारं दुखणं आलं तर वेळ न घालवता दाखवणं, एवढंच करायचं असतं. मग तुम्ही स्कॅन लिहून देत नाही तेव्हा त्याचं कारणही सांगा. नाहीतर आम्हाला वाटतं, गरीब म्हणून टाळलं.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना टीबी झाला होता. सहा महिने आशाताई त्यांच्या घरी जायची, पाकिटं मोजायची, एक दिवस राहिला तर ओरडायची. माणूस ठणठणीत बरा झाला. बीपीच्या गोळ्या आमच्या उपकेंद्रावर महिन्याच्या महिन्याला मिळतात. माझी गोळी पाच ते दहा वर्षांची, बीपीच्या गोळीसारखीच लहान, रोजची, आणि ती आणायला मी एसटीने अडीच तास जाते. एक दिवसाची रजा, प्रवासखर्च, आणि खिडकीवर "स्टॉक नाही, पुढच्या मंगळवारी या". शेतमजूर बाईने किती मंगळवार द्यायचे? सरकारला जे सांगायचं ते आम्ही सांगूच, पण तुमच्या शब्दाला वजन आहे. टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल प्राथमिक आरोग्य केंद्रावर ठेवा, आणि आशाताईच्या वहीत आमची नावं घाला, हे तुम्ही म्हणालात तर ऐकलं जाईल. तोपर्यंत तुमच्या हातातलं एक करा. मराठीत, मोठ्या अक्षरांत, एक पानभर लिहून द्या: गोळी कशासाठी, किती वर्षं, राहिली तर काय करायचं, काय झालं तर लगेच यायचं, आणि फोन कुणाला करायचा. तो फोन सिस्टरने उचलला तरी चालेल. उचलला मात्र पाहिजे.

गेल्या खेपेला रांगेत माझ्या मागे ३१ वर्षांची मुलगी होती. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, गोळीचं दुसरं वर्ष. नवरा चहा आणायला गेला तेव्हा तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मावशी, गोळी गुपचूप बंद केली तर दिवस राहतील का?" मी तिला म्हटलं, गुपचूप नको, बाळाला या गोळीने अपाय होतो आणि पाळी येत नसली तरी दिवस राहू शकतात, तू आधी डॉक्टरांशी बोल. २०२३ साली अशाच पाचशेहून जास्त तरुण बायकांचा अभ्यास आला आहे. दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थांबवून, त्यांनी मुलासाठी प्रयत्न केला, बहुतेक जणी नंतर परत गोळीवर आल्या, आणि त्या पहिल्या काही वर्षांत तरी त्यांचा आजार जास्त उलटला नाही. पुढची वर्षं अजून बघायची आहेत, हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना कसं विचारू? हे बरोबर असतात, आणि आत गेल्यावर बसायला पण सांगत नाहीत."

पुढच्या महिन्यात तिची आणि माझी तारीख एकाच दिवशी आहे. माझ्या मागोमाग तिचा नंबर येईल. माझी दोन मिनिटं तिला द्या. तिला खुर्चीवर बसवा, आणि तिच्या नवऱ्याला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगा.

आपली नम्र,
सातारा जिल्ह्यातली एक शिक्षिका